रद्दीतून वाचवलेला पुरावा

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात बॅटन रूज नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठात शिकणारी एक मुलगी १९३६ साली जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेली. ज्या पुस्तकाच्या ती शोधात होती ते तिला तिथे सापडले. दुकानदाराने सांगितले की या पुस्तकात काही दम नाही, सगळी बनवाबनवी आहे, पंचवीस सेंट दे आणि घेऊन जा. पंचवीस सेंट म्हणजे पाव डॉलर.

पुस्तकाचे नाव होते 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह', म्हणजे गुलामीतली बारा वर्षे. लेखक सॉलोमन नॉर्थप. ती मुलगी पुढे स्यू इकिन या नावाने इतिहासाची प्राध्यापिका झाली. वयाच्या बाराव्या वर्षी एका मळेवाल्याच्या घरी तिने हे पुस्तक प्रथम पाहिले होते, आणि त्यात वर्णन केलेला मुलूख तिच्या पायाखालचा निघाला होता. दुकानदार ज्याला बनवाबनवी म्हणत होता ते खरे की खोटे, हे तपासण्यात इकिनबाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षे घातली.

नॉर्थप हे न्यूयॉर्क राज्यातले स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थ. १८४१ साली दोन भामट्यांनी कामाचे आमिष दाखवून त्यांना वॉशिंग्टनला नेले. तिथे ते गुलामांच्या व्यापाऱ्याच्या हाती पडले. पुढची बारा वर्षे लुईझियानाच्या मळ्यांवर ते 'प्लॅट' या दुसऱ्याने दिलेल्या नावाने राबले. १८५३ च्या जानेवारीत सुटका झाली आणि त्याच वर्षी पुस्तक छापून आले. त्यात मालकांची नावे होती, गावांची नावे होती, तारखा होत्या. इकिनबाई आणि जोसेफ लॉग्सडन या दुसऱ्या इतिहासकाराने कोर्टाची दप्तरे, खरेदी-विक्रीचे कागद आणि जहाजांच्या याद्या धुंडाळल्या. १८४१ साली 'ऑर्लिन्स' जहाजातून नेलेल्या गुलामांच्या यादीत 'प्लॅट हॅमिल्टन' हे नाव सापडले. तेच नॉर्थप! दोघांनी टिपांसह तयार केलेली आवृत्ती १९६८ साली निघाली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, २०१३ साली, या पुस्तकावर चित्रपट आला आणि २०१४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. हा गौरव पाहायला इकिनबाई नव्हत्या. २००९ सालीच त्यांचे निधन झाले होते.

वाचकहो, जुन्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या गोळा करणे हा श्रीमंतांचा षोक आहे, असे आपल्याला वाटते. काचेचे कपाट, चामड्याची बांधणी, लिलावातल्या बोली! तसे संग्राहक आहेतच. पण अमेरिकेतल्या आत्मकथनांच्या आणि रोजनिशांच्या बाबतीत हा नाद फार वेगळ्या माणसांनीही केला. त्यात कारकून होते, शिक्षक होते, साधे पगारदार होते. त्यांना शोभेची वस्तू नको होती. त्यांना पुरावा हवा होता.

मूळ पावती

हिशेबखात्यात काम करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. खतावणीत नोंद कितीही सुवाच्य असो, शंका आली की मूळ पावती काढायची. खतावणी मागाहून लिहिली जाते. पावती व्यवहाराच्या वेळची असते. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचेही असेच आहे. लेखकाने काय सांगितले, केव्हा सांगितले, कोणाचे नाव घेतले आणि कोणते घ्यायचे टाळले, याची ती मूळ पावती असते. पुढच्या आवृत्त्यांत मजकूर वाढतो, गळतो, मवाळ होतो.

गुलामांच्या आत्मकथनांना अशा पावतीची गरज इतरांपेक्षा जास्त होती, कारण त्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते. नॉर्थप यांना ज्याने विकले त्या व्यापाऱ्यावर वॉशिंग्टनमध्ये खटला झाला, तेव्हा कृष्णवर्णीय माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नाही म्हणून नॉर्थप यांना बोलूच दिले नाही. पण छापील पुस्तकाचे तोंड कोण बंद करणार? ते वाचून न्यूयॉर्क राज्यातल्या एका वाचकाला आठवले की १८४१ साली वॉशिंग्टनच्या वाटेवर आपल्या ओळखीचे दोघे जण एका कृष्णवर्णीय माणसाबरोबर होते. त्यावरून १८५४ साली त्या दोन भामट्यांना अटक झाली. पुढे १८५७ साली खटला काढून घेतला गेला, शिक्षा कोणालाच झाली नाही. तरीही कोर्टाने जी साक्ष नाकारली ती पुस्तकाने दिली, हे नाकारता येत नाही.

एकाच माणसाची तीन पुस्तके

फ्रेडरिक डग्लस यांचे उदाहरण तर संग्राहकांसाठी धडाच आहे. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या डग्लस यांनी १८३८ साली पळ काढला आणि १८४५ साली बॉस्टन इथे आपले पहिले आत्मकथन छापले. किंमत पन्नास सेंट. पहिल्या चार महिन्यांत पाच हजार प्रती खपल्या. हे आपण स्वतः लिहिले आहे, असे त्यांना पुस्तकाच्या नावातच सांगावे लागले, कारण गुलाम असे लिहू शकेल हे कोणी मानत नव्हते. सुरुवातीला विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचे पत्र होते. कृष्णवर्णीयाच्या खरेपणाला गोऱ्याचा दाखला जोडायचा, अशी त्या काळची रीतच होती.

पुस्तकात खऱ्या मालकांची नावे असल्याने डग्लस यांना पकडले जाण्याचा धोका होता. ते इंग्लंड-आयर्लंडला गेले. इकडे डेलावेअर राज्यातल्या ए. सी. सी. थॉम्प्सन या गृहस्थांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले. आशय असा की, मी या फ्रेडरिकला गुलाम असताना ओळखत होतो, तो असले पुस्तक लिहिणे शक्यच नाही, आणि त्याने नावे घेतलेले मालक सज्जन आहेत. डग्लस यांनी काय करावे? त्यांनी ते पत्र १८४६ च्या डब्लिन आवृत्तीत उत्तरासह छापून टाकले आणि थॉम्प्सन यांचे आभार मानले. आपण खरोखर गुलाम होतो की तोतया आहोत, अशी शंका काही लोक घेत होते. ती शंका शत्रूनेच मिटवली होती! हे पत्र बॉस्टनच्या पहिल्या आवृत्तीत नाही. म्हणून जाणता संग्राहक बॉस्टनची १८४५ ची प्रतही शोधतो आणि डब्लिनचीही.

पुढे १८५५ साली डग्लस यांनी दुसरे आत्मकथन लिहिले आणि १८८१ साली तिसरे. पहिल्या पुस्तकात आपण पळालो कसे, हे त्यांनी मुद्दाम सांगितलेले नाही. सांगितले असते तर मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर १८८१ च्या पुस्तकात त्यांनी सांगितले की, खलाशाचा वेष करून, दुसऱ्याचे कागद खिशात घेऊन, बाल्टिमोरहून आपण आगगाडीने निघालो. तिन्ही पुस्तके शेजारी ठेवली की माणूस केव्हा बोलला आणि केव्हा गप्प राहिला, हे कळते. एकाच सुधारित आवृत्तीवर भागवणाऱ्याला ते दिसत नाही.

नाव नसलेली लेखिका

हॅरिएट जेकब्स यांच्या पुस्तकावर तर त्यांचे नावही नव्हते. 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' हे पुस्तक १८६१ साली बॉस्टनमध्ये निघाले. पुस्तक काढण्याचे कबूल केलेली कंपनी बुडाली, तेव्हा जेकब्स यांनी छपाईचे साचे स्वतः विकत घेतले. शीर्षकपानावर एवढेच होते की, पुस्तक लेखिकेसाठी प्रकाशित केले आहे. आत त्यांनी 'लिंडा ब्रेंट' हे टोपणनाव वापरले. मालकाच्या वासनेतून सुटण्यासाठी त्या आजीच्या घराच्या छपराखालच्या पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या. ही जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट होती. धड बसायलाही न येणाऱ्या त्या जागेतून त्या आपल्या मुलांचे आवाज ऐकत होत्या.

शंभर वर्षांहून अधिक काळ पुष्कळ विद्वान या पुस्तकाला संपादिका लिडिया मारिया चाइल्ड यांनी रचलेली कादंबरी समजत राहिले. जीन फॅगन येलिन या प्राध्यापिकेने जेकब्स यांची जुनी पत्रे शोधली, अक्षर आणि भाषा ताडून पाहिली, टोपणनावांमागची खरी माणसे ओळखली आणि १९८७ साली लेखिकेच्या खऱ्या नावासह आवृत्ती काढली. १८६१ ची छापील प्रत आणि ती पत्रे कोणीतरी जपून ठेवली होती, म्हणून हे शक्य झाले. आईचे नाव पुस्तकावर यायला सव्वाशे वर्षे लागली!

बँकेतला कारकून

आता जपणाऱ्यांकडे वळू. आर्तुरो शॉम्बर्ग यांचा जन्म १८७४ साली पोर्तो रिको बेटावर झाला. आपल्या लोकांना इतिहास नाही, थोर पुरुष नाहीत, असे शाळेतल्या शिक्षकाने सांगितल्याची आठवण ते सांगत. १८९१ साली ते न्यूयॉर्कला आले. निरोप्याचे काम केले, वकिलांच्या कचेरीत काम केले आणि १९०६ पासून एका मोठ्या बँकेच्या टपाल विभागात नोकरी धरली. दिवसभर पत्रे लावायची आणि उरलेल्या वेळात जुनी पुस्तके शोधायची. परदेशी जाणाऱ्या मित्रांनाही ते पुस्तके शोधायला सांगत. फिलिस व्हीटली या गुलाम कवयित्रीची पुस्तके, बेंजामिन बॅनेकर यांची पंचांगे, गुलामांची आत्मकथने, पत्रके, हस्तलिखिते असे करत घर भरले.

ही पुस्तके त्यांना मिळू शकली याचे एक कारण असे की, बाजाराला त्यांची किंमत नव्हती. मोठे संग्राहक राष्ट्राध्यक्षांची आणि सेनापतींची पुस्तके घेत. गुलामाचे आत्मकथन रद्दीत पडून राही. यू. बी. फिलिप्स यांच्यासारखे त्या काळचे नामवंत इतिहासकार गुलामीचा इतिहास मळेवाल्यांच्या वह्यांवरून लिहीत आणि गुलामांची पुस्तके अविश्वसनीय म्हणून बाजूला ठेवत. विद्यापीठाने टाकून दिले ते टपाल विभागातल्या कारकुनाने उचलले.

१९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनच्या दहा हजार डॉलरच्या मदतीतून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने हा संग्रह घेतला. त्यात पाच हजारांवर पुस्तके, तीन हजार हस्तलिखिते आणि दोन हजार चित्रे होती. तो हार्लेम वस्तीतल्या १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत ठेवला गेला. म्हणजे ज्यांचा इतिहास होता त्यांच्याच दारात! १९३२ पासून १९३८ साली मृत्यू येईपर्यंत शॉम्बर्ग स्वतः त्याचे प्रमुख होते. आज तिथे त्यांच्या नावाचे संशोधन केंद्र उभे आहे आणि त्यातल्या वस्तूंची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे.

फिलाडेल्फियाजवळ वाढलेले चार्ल्स ब्लॉक्सन यांची कथाही अशीच. त्यांनाही शिक्षिकेने सांगितले होते की निग्रोंना इतिहास नाही. त्या मुलाने जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांतून पुस्तके उचलायला सुरुवात केली. १९८४ साली वीस हजारांहून अधिक पुस्तके आणि कागद त्यांनी टेंपल विद्यापीठाला दिले. २०२३ साली ते वारले. एका वाक्याने मुलाचे मन मोडते, आणि क्वचित एखाद्या मुलाच्या हातून ग्रंथालयही उभे राहते.

न्यूयॉर्कमधला आणखी एक ग्राहक

या जुन्या पुस्तकांच्या बाजाराशी आपलाही एक धागा आहे. शॉम्बर्ग बँकेत पत्रे लावत होते त्याच काळात, १९१३ ते १९१६ या वर्षांत, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे दोन हजार जुनी पुस्तके विकत घेतली. दुर्दैवाने ती सगळी त्यांच्यापर्यंत पोचली नाहीत. शहराच्या फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर त्या काळी जुन्या पुस्तकांच्या दुकानांची रांगच होती. आज ती रांग उरलेली नाही. १९२७ साली तिथे सुरू झालेले 'स्ट्रँड' हे एक दुकान तेवढे ब्रॉडवेवर चालू आहे. त्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. डग्लस यांच्यासारख्यांच्या पुस्तकांनी जी लोकजागृती घडवली तिचा पडसाद पुण्यापर्यंत आला होता.

पहिली आवृत्ती ओळखावी कशी?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पुस्तकावर 'पहिली आवृत्ती' असे शब्द सहसा नसतात. शीर्षकपानावरचे साल पाहायचे. मग ते पान उलटून मागे कायद्याप्रमाणे केलेल्या नोंदीचे साल पाहायचे. दोन्ही जुळली तर आशा धरावी. मागचे साल १८५३ आणि पुढचे १८५९ असेल तर प्रत नंतरच्या छपाईची. फक्त मागचे साल पाहून पैसे मोजणारा फसतो. शीर्षकपानावर 'सतरावा हजार' असे छापलेले असेल, तर तेवढ्या प्रतींपर्यंत छपाई गेल्यानंतरची ती प्रत आहे, असे समजावे. नॉर्थप यांच्या पुस्तकाच्या प्रती अशा सापडतात.

अलीकडच्या पुस्तकांत कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची ओळ असते. त्यात उरलेला सर्वांत लहान आकडा बहुधा छपाईचा क्रमांक सांगतो. १९६८ नंतर गुलामांच्या कितीतरी आत्मकथनांची जशीच्या तशी पुनर्मुद्रणे निघाली. त्यांत जुने शीर्षकपान हुबेहूब दिसते. पण कागद आणि बांधणी नवी असते.

कागदाची गंमत ऐका. १८४५ चे पुस्तक कित्येकदा १८९० च्या पुस्तकापेक्षा धडधाकट असते. आधीचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा होता. नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातल्या आम्लाने पाने पिवळी पडून बिस्किटासारखी तुटतात. चित्राचे पान जागेवर आहे का, हेही तपासावे. डग्लस यांच्या पहिल्या पुस्तकात सुरुवातीला त्यांचे चित्र आहे. ते कापून घेतलेले असेल तर प्रत अपुरी.

पहिले ते महाग नव्हे, पहिले ते खरेही नव्हे

पहिली आवृत्ती म्हणजे मोठी किंमत, हाही गैरसमज आहे. यादवी युद्धातले सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट १८८४ साली भागीदाराच्या लबाडीने कंगाल झाले. घशाचा कर्करोग झालेला असताना त्यांनी घरच्यांसाठी आठवणी लिहायला घेतल्या आणि काम संपवून थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी, प्राण सोडला. लेखक मार्क ट्वेन यांच्या कंपनीने दोन खंडांचा हा संच घरोघर विक्रेते पाठवून विकला. तीन लाखांहून अधिक संच गेले आणि कुटुंबाला सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. इतके छापल्यामुळे त्याचा साध्या बांधणीचा पहिल्या आवृत्तीचा संच आजही मध्यम ऐपतीच्या माणसाला घेता येतो. किंमत वयावर ठरत नाही. किती प्रती उरल्या आणि किती जणांना हव्या आहेत, यावर ठरते.

रोजनिशांच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. लुईस आणि क्लार्क यांनी १८०४ ते १८०६ या काळात पॅसिफिक महासागरापर्यंत मोहीम नेली. तिच्या रोजनिशांवरून तयार केलेले पुस्तक १८१४ साली फिलाडेल्फियात निघाले. पण ते निकोलस बिडल यांनी आपल्या भाषेत रचलेले होते. मूळ शब्द छापले गेले १९०४-०५ साली, आठ खंडांत. दक्षिणेतल्या मेरी चेस्नट या बाईंची युद्धकाळातली रोजनिशी १९०५ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९८१ च्या आवृत्तीत सी. व्हॅन वुडवर्ड यांनी दाखवून दिले की, त्यातला बराच भाग बाईंनी युद्धानंतर, १८८० च्या दशकात, पुन्हा लिहिलेला आहे. पावतीसुद्धा मागाहून लिहिलेली असू शकते! म्हणून पहिली आवृत्ती हातात आली की तपास संपत नाही. तिथून तो सुरू होतो.

लुईस-क्लार्क यांच्या त्या मोहिमेत यॉर्क नावाचा एक माणूस होता. तो क्लार्कचा गुलाम. सगळ्यांबरोबर तो समुद्रापर्यंत गेला आणि परत आला. इतरांना दुप्पट पगार आणि जमीन मिळाली. यॉर्कला काही मिळाले नाही. दुसऱ्यांच्या रोजनिशीत तो भेटतो, पण त्याची स्वतःची एकही ओळ नाही. कितीही पैसे मोजले तरी कोणत्याही लिलावात ते पुस्तक मिळणार नाही. डग्लस, जेकब्स आणि नॉर्थप यांची फाटकी पुस्तके का मोलाची, हे यॉर्ककडे पाहिले की कळते.

ज्यांना ही आत्मकथने वाचायची आहेत त्यांनी खर्चाची चिंता करू नये. उत्तर कॅरोलायना विद्यापीठाने ती एकत्र करून इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवली आहेत. इंग्रजी येणाऱ्या मुलामुलींनी घरात आईवडिलांना त्यांचा अर्थ सांगावा. आणि रद्दी वजनावर घालण्यापूर्वी प्रत्येक जुन्या पुस्तकाचे शीर्षकपान उघडून एकदा साल आणि नाव वाचावे. तेवढ्याला पैसे पडत नाहीत.